ठमाबाईचं चारशे वर्षांचं घर

एका जंगलात एक कोंबडी राहत होती. मुलांनो, हे जंगल आपल्याकडचं नव्हे बरं का, विलायतेतलं. तिथलं जंगल फार शहाणं असतं. दर चार झाडांनंतर एक कुंपण, कुंपणाला एक फाटक आणि फाटकावर पाटी, की कृपया फाटक लावून घ्यावे. वाघसिंहांना तिथं करमत नाही. बाकी हिरव्यागार टेकड्या, त्यांवर चरणारी गुरं आणि दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगटात एकेक गाव.

कोंबडीच्या गावाचं खरं नाव लांबलचक होतं आणि त्यातली निम्मी अक्षरं उच्चारायची नसत. आपण त्याला उतारवाडी म्हणू. कोंबडीला ठमाबाई म्हणू. तिची हरकत नाही.

ठमाबाईचं घर उतारवाडीच्या तोंडाशीच होतं. घर पाहावं बांधून म्हणतात, ते तिनं दोन वर्षांपूर्वी बांधून पाहिलं होतं. वादळात जुनं घर उडालं, तेव्हा तिनं आणि कोंबडेरावांनी पंधरा दिवसांत हे उभं केलं. माती तिनं कालवली, गवत तिनं वाहिलं. भिंती कोंबडेरावांनी रचल्या. कोंबडेरावांची नजर जरा तिरपी होती, त्यामुळे भिंतीही तिरप्या झाल्या. पण आतून ऊब होती आणि पाऊस आत येत नव्हता. कोंबडीला आणखी काय लागतं?

मागच्या हिवाळ्यात कोंबडेराव नाहीसे झाले. कोल्हेसाहेब तेव्हा अजून शाकाहारी झाले नव्हते.

यंदा मात्र ते झाले होते, निदान जंगलाच्या सभेत तरी. शाकाहारी झाल्यावर वेळ फार उरतो, म्हणून त्यांनी एक सायकल-मार्ग काढला. सात ऐतिहासिक गावांमधून, हलक्याशा चढउतारांची, रमतगमत सायकल सफर. नकाशा घारीकडून काढून घेतला. घारीनं तो आकाशातून काढला आणि आकाशातून टेकड्या काही दिसत नाहीत. तिच्या मते सगळा रस्ता सपाट होता. दुरून डोंगर साजरे म्हणतात, वरून तर ते दिसतही नाहीत.

सायकलवाले येऊ लागले. चढावर त्यांच्या जिभा बाहेर यायच्या, उतारावर पुन्हा आत जायच्या. एके दिवशी एडकेराव नावाचा एक जाडजूड मेंढा ठमाबाईच्या दारात थांबला. त्याच्या सायकलची चेन पडली होती. ठमाबाईनं त्याला पाणी दिलं. त्याच्या लोकरीला ओल्या गोणपाटासारखा वास येत होता, पण पाहुण्याला असं काही बोलू नये, म्हणून ती बोलली नाही.

एडकेराव पाणी पिताना छपराकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, “बाई, पाटी लागायच्या आधी शाकारून घ्या.”

“कसली पाटी?” ठमाबाईनं विचारलं.

एडकेरावनं सायकल उलटी केली, चेन बसवली आणि निघून गेला. आगाऊच दिसतो, असं ठमाबाईला वाटलं.

दुसऱ्याच आठवड्यात कोल्हेसाहेब आले. सहा गावं ऐतिहासिक झाली होती, सातवं मिळत नव्हतं. सायकलवाल्यांना भूक लागायची ती नेमकी उतारवाडीपाशी, म्हणून उतारवाडीच ऐतिहासिक असणं सोयीचं होतं. साहेबांनी घराभोवती एक फेरी मारली. तिरप्या भिंतीसमोर मान तिरपी करून उभे राहिले आणि म्हणाले, “वा.”

दुपारी पाटी लागली. त्या पाटीप्रमाणे घर चारशे वर्षांपूर्वीचं होतं आणि त्यातली एक काडीही हलवायला मनाई होती.

ठमाबाई धावत सभेत गेली. तिनं सांगितलं की घर दोन वर्षांपूर्वीचं आहे, मी स्वतः गवत वाहिलंय, आणि छपराचा एक कोपरा आता विरलाय, तो मला शाकारायचाय.

कोल्हेसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते फार सभ्य होते.

“ठमाबाई, तुमचं वय काय?”

“चार वर्षं.”

“मग चारशे वर्षांपूर्वीचं तुम्हाला कसं ठाऊक असणार?”

सभेनं माना डोलावल्या. ठमाबाईलाही क्षणभर पटलं. घरी जाऊन तिनं भिंतीकडे नीट पाहिलं, तेव्हा मातीत तिच्याच नखांचे ओरखडे दिसले. मग तिला भयंकर राग आला. पण कोंबडीचा राग कोल्ह्याला कळवणार कोण?

विलायतेत पावसाळा येत नाही, कारण तो आधीचा गेलेलाच नसतो. विरलेल्या कोपऱ्यातून पाणी गळू लागलं. ठमाबाईनं खाली बादली ठेवली. सायकलवाल्यांना ती बादली फार आवडली, म्हणून सभेनं तीही ऐतिहासिक ठरवली आणि ती हलवायला बंदी केली. ठमाबाईनं दुरुस्तीचा अर्ज केला. उत्तर आलं, की दुरुस्ती जरूर करावी, मात्र मूळ बांधणाऱ्यांच्याच हातून.

“मूळ बांधणारी मीच आहे,” असं ती सांगायला गेली, तर पुन्हा तिला तिचं वय विचारलं.

पुढे तज्ज्ञांना असं आढळलं, की कोंबडीच्या श्वासानं जुन्या तुळया खराब होतात. तेव्हा दहा ते पाच बाहेर बसावं, असं ठरलं. मग पाच ते दहासुद्धा. शेवटी घराला कुलूप लागलं आणि किल्ली साळुंकीकडे गेली. साळुंकी वाटाड्याचं काम करायची. आयत्या बिळावर नागोबा बसतो म्हणतात. इथं नागोबानं बिळावर पाटी लावली आणि दारात साळुंकी बसवली.

कोल्हेसाहेबांचं स्वतःचं घर पलीकडच्या खोऱ्यात होतं. नवीकोरी कौलं, पन्हळी, दुहेरी काचा. इतिहास तिथवर पोचला नव्हता.

तरीही साहेब निर्दय नव्हते. त्यांनी ठमाबाईला एक सायकल दिली आणि सातही गावांचा कायमचा पास दिला. भाषणात म्हणाले, की ज्यांच्या घरामुळे हा मार्ग पुरा झाला, त्यांनीच तो पाहिला नाही असं होऊ नये. टाळ्या झाल्या. ठमाबाईला दुसरीकडे जायला जागा नव्हती, म्हणून ती सायकलवर चढली.

पहिल्या दिवशी ती सहा वेळा पडली. दुसऱ्या दिवशी दोनदा. तिसऱ्या दिवशी मोठ्या टेकडीवरून खाली येताना तिच्या पिसांत वारा भरला आणि तिला चक्क मजा वाटली. खोटं कशाला सांगू? दोन्ही बाजूंना फुललेली कुंपणं होती, खाली ओढा होता, ओढ्यावर दगडी पूल होता. ठमाबाई आयुष्यात पहिल्यांदा इतक्या वेगानं जात होती, आणि मागे कोल्हा नव्हता.

पण पाऊस आला की मजा संपायची. चौथ्या गावापाशी धो धो सुरू झाला, तेव्हा ती एका मोठ्या झाडाखाली शिरली. तिथं आधीच बरेच सायकलवाले उभे होते. त्यांत एडकेराव होता.

“लागली का पाटी?” त्यानं विचारलं.

ठमाबाईनं मान हलवली. “तुम्हाला कसं कळलं होतं?”

“माझं तिसऱ्या गावात आहे. सहाशे वर्षांचं. मी बांधलं तेव्हा माझी शिंगं नुकतीच वळायला लागली होती.”

ठमाबाईनं बाकीच्यांकडे पाहिलं. बदकीण पहिल्या गावची होती, तिचं तळ्याकाठचं घर साडेतीनशे वर्षांचं निघालं होतं. ससे पाचव्या गावचे, त्यांचं बीळ तर एका राजाचं होतं. झाडाखाली एकही असा नव्हता, ज्याला घरी जायचं होतं आणि जाता येत होतं.

“मग पर्यटक कुठं आहेत?” तिनं विचारलं.

“आपणच की,” एडकेराव म्हणाला.

झाडावर कोल्हेसाहेबांनी लावलेलं पत्रक भिजत होतं. त्यात लिहिलं होतं की हा मार्ग अतोनात लोकप्रिय झाला असून, कित्येकांना तर सफर इतकी आवडली की ते अजून घरी परतलेले नाहीत.

फिरत फिरत ठमाबाई उतारवाडीला आली. पास दाखवून रांगेत उभी राहिली. साळुंकीनं कुलूप उघडलं, पाय पुसायला सांगितले आणि घडाघडा माहिती म्हणायला सुरुवात केली. चारशे वर्षांपूर्वी इथं एक कोंबडी राहत होती. तिचा पती थोर शिल्पी होता. भिंतींचा हा तिरपेपणा त्यानं तारे पाहून साधला होता.

कोंबडेरावांची अशी स्तुती ते असताना कुणी केली नव्हती. ठमाबाईला रडू आलं.

“ती कोंबडी पुढे कुठं गेली?” तिनं विचारलं.

“बाहेरगावी गेली आणि परतली नाही, असं म्हणतात.”

कोपऱ्यात बादली होती. गळती आता वीतभर सरकली होती आणि पाणी बादलीबाहेर, जमिनीवर पडत होतं. सारवलेली जमीन उखडली होती. ती जमीन ठमाबाईनं स्वतः सारवली होती. तिनं पुढे होऊन बादली वीतभर सरकवली. पाणी बादलीत पडू लागलं.

साळुंकी म्हणाली, “वस्तूंना हात लावायचा नाही, बाई.” आणि तिनं बादली होती तिथं ठेवली.

ठमाबाई बाहेर आली. अंगणात छपरातून गळून पडलेलं थोडं गवत होतं. पाटीत छपराबद्दल लिहिलं होतं, अंगणाबद्दल नाही. तिनं ते चोचीत धरलं. एडकेरावनं दोन काटक्या दिल्या. बदकिणीनं ओढ्याकाठची लव्हाळी आणली. संध्याकाळपर्यंत ठमाबाईनं सायकलवर एक छोटंसं छप्पर शाकारलं. ते जरासं तिरपं झालं. कोंबडेरावांची सवय, दुसरं काय. पण त्या रात्री पाऊस पडला आणि ती कोरडी राहिली. कितीतरी दिवसांनी तिला गाढ झोप लागली.

आठ दिवसांनी ती मोठ्या टेकडीच्या माथ्यावर दम खात उभी होती. समोरून कोल्हेसाहेब आले. त्यांनी सायकलभोवती एक फेरी मारली. छपरासमोर मान तिरपी करून उभे राहिले.

“वा,” ते म्हणाले. “ठमाबाई, ही किती जुनी असावी?” आणि त्यांनी काखेतली पाटी बाहेर काढली.

ठमाबाईनं दोन्ही पाय पेडलवर ठेवले. पुढे लांबच लांब उतार होता.

ती अजून थांबलेली नाही. साहेब म्हणतात, असा हौशी पर्यटक त्यांनी पाहिला नाही.

तात्पर्य : जुनं ते सोनं, हे अगदी खरं. म्हणूनच ते गरिबाच्या घरी कुणी राहू देत नाही. तेव्हा मुलांनो, भिंत ओळंब्यात बांधा, छप्पर वेळेवर शाकारा, आणि इतकं करूनही कोल्हा दारात येऊन “वा” म्हणालाच, तर ब्रेक लावू नका.