तीस इंचांवरचं बेट

मास्तरांनी टेबलावर नकाशा पसरला, गळ्यातली टेप काढली आणि घरापासून बंदरापर्यंतचा रस्ता पँटची शिवण मोजावी तसा वळणावळणाने मोजला.

"तीस," त्यांनी जाहीर केलं. नकाशाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत काहीतरी होतं. चष्मा दुकानात राहिला होता, पण 'एक' आणि 'चार किलोमीटर' एवढं दिसलं. "तीस चोक एकशेवीस. दोन-अडीच दिवसांचा रस्ता. बसबिस कशाला, सायकलनेच जाऊ! तीस इंच म्हणजे काय गं, माणसाची एक तंगडी."

"जाऊ की," सिस्टर म्हणाल्या. "फक्त बोट शनिवारी चार वाजता आहे. आठवड्याला एकच असते. चुकली की संपलं."

ते कपडे शिवत म्हणून त्यांना सगळे मास्तर म्हणत, त्या इस्पितळात नर्स म्हणून सिस्टर. त्यामुळे हे घर शाळा आहे की दवाखाना, असा नवख्याला प्रश्न पडे. बेटावर जायचं हे लग्न झालं तेव्हाच ठरलं होतं. त्याला पंचवीस वर्षं झाली. दर वर्षी मास्तर म्हणत, "यंदा कामं फार आहेत, पुढच्या वर्षी नक्की." यंदा मात्र नकाशा मोजल्याच्या दुसऱ्याच दिवशी सिस्टरांनी न विचारताच रजा काढली, बोटीची तिकिटं आणली आणि पर्समध्ये ठेवून चेन लावली. ती चेन लागल्याचा आवाज ऐकून मास्तरांनी मनाशी शपथ घेतली की या वेळी काहीही होवो, बायकोला बेट दाखवायचंच.

गुरुवारी सकाळी दोघं निघाले. शहराबाहेर पहिला मैलाचा दगड लागला. त्यावर लिहिलं होतं, 'बंदर ३००'.

मास्तर मनात हसले. रंगारी म्हणजे काय, दिसेल तिथे शून्य काढतात. पुढच्या दगडावर २९९ होते. त्याच्या पुढच्यावर २९८. एक दगड चुकेल, दोन चुकतील, पण ओळीने सगळे एकमेकांना सामील कसे होतील? चहाच्या टपरीवर सिस्टर हात धुवायला गेल्या, तेवढ्यात मास्तरांनी चहावाल्याचा चष्मा मागून घेतला आणि नकाशाचा कोपरा वाचला. 'एक सेंटीमीटर म्हणजे चार किलोमीटर.'

टेपला दुसरी बाजू असते आणि तिच्यावर सेंटीमीटर असतात, हे त्यांना ठाऊक होतं. पण तीस वर्षांत त्या बाजूशी त्यांचा कधी संबंध आला नव्हता. त्यांनी टेप उलटी केली. तीस इंच म्हणजे शहात्तर सेंटीमीटर. शहात्तर चोक तीनशेचार.

"काय हो, किती राहिलं?" सिस्टरांनी येऊन विचारलं.

"झालंच गं! काज-बटणंच राहिलीत."

हे वाक्य त्यांच्या तोंडून आपसूक निघालं. कापड अजून कापलेलंसुद्धा नसेल, तेव्हा ते गिऱ्हाइकाला हेच सांगत. एकदा सांगून बसल्यावर माघार घ्यायची सोय नव्हती. मग मास्तर दगडांच्या बाजूने सायकल चालवू लागले, म्हणजे सिस्टरांच्या डोळ्यांसमोर त्यांचं पोट यावं. विसाव्याला थांबले की ते नेमके दगडावरच जाऊन बसत.

"अहो, तिकडे सावली आहे, बाक आहे."

"मला दगडच बरा वाटतो. कंबर ताठ राहते."

एका दगडावर त्यांनी ओला नसलेला रेनकोट वाळत घातला. सिस्टरांनी रेनकोटाकडे पाहिलं, निरभ्र आकाशाकडे पाहिलं आणि केळं सोललं. त्या दिवशी कसेबसे पंचेचाळीस किलोमीटर झाले आणि मुक्कामाच्या लॉजचे जिने उतरताना मास्तरांना भिंतीचा आधार घ्यावा लागला.

शुक्रवारी त्यांना एक नामी युक्ती सुचली. सायकल बिघडली तर टेम्पो करावा लागेल आणि टेम्पोने शनिवारी चारच्या आत बंदर गाठता येईल. कुणाला काही कळायचं कारण नाही. चढावर सिस्टर पुढे गेल्याचं पाहून ते खाली उतरले, खिशातली टाचणी काढली आणि टायरमध्ये खुपसली. फुस्स!

"अरेरे!" मास्तर ओरडले. "सायकल गेली! आता टेम्पोशिवाय गत नाही."

"थांबा, रडू नका," म्हणत सिस्टर परत आल्या. त्यांनी पिशवीतून पंक्चरचं सामान काढलं, ट्यूब बाहेर घेतली, पुसली आणि जखमेला पट्टी लावावी तसं ठिगळ लावलं. दहा मिनिटांत सायकल उभी राहिली. "मुंगी चावल्यासारखं झालं, बस," त्या ट्यूबलाच म्हणाल्या.

पुढच्या वळणावर मास्तरांनी मागच्या टायरला दोन टाचण्या टोचल्या.

या वेळी सिस्टरांनी चिमटा काढला, टायरमधून दोन्ही टाचण्या उपटल्या आणि उन्हात धरल्या. टाचण्यांना लाल काचेचे मणी होते. अशा टाचण्या साऱ्या शहरात एकाच दुकानात वापरत आणि त्या दुकानाचे मालक समोर घाम पुसत उभे होते.

"मास्तर," सिस्टर म्हणाल्या. त्या एरवी 'अहो' म्हणत. 'मास्तर' म्हणाल्या की समजायचं, काही खरं नाही.

मास्तर मटकन खाली बसले. "चुकलं गं. एकशेवीस नाही, तीनशेचार आहे. मी इंचांत मोजलं. अजून अडीचशेच्या आसपास आहे, सायकलने उद्याची बोट काही मिळत नाही. पंचवीस वर्षांनी निघालो तर तेही असं. फार वाईट वाटतंय मला."

सिस्टर त्यांच्या शेजारी बसल्या. "उद्या कुठली बोट?"

"शनिवारची!"

"मी शनिवार म्हटलं. कुठला, ते तुम्ही विचारलंत कुठे?" त्यांनी पर्सची चेन उघडली आणि तिकिटं हातात दिली. तारीख पुढच्या शनिवारची होती. "तुम्ही नकाशा मोजलात त्याच दिवशी अँब्युलन्सच्या ड्रायव्हरला विचारलं होतं मी. तीनशे म्हणाला. म्हणून पंधरा दिवसांची रजा टाकली."

मास्तर तिकिटांकडे बघतच राहिले. "मग बोलली का नाहीस? मी दोन दिवस दगडांवर बसतोय!"

"तीनशे सांगितलं असतं तर उठला असतात मशीनवरून? पेशंटला सुई आधी दाखवायची नसते. बाही वर करायला सांगायची, गप्पा मारायच्या आणि टोचून मोकळं व्हायचं."

मास्तरांना राग आणायचा होता, पण तो येईना. बायकोचं भारी कौतुक वाटलं आणि थोडी भीतीही वाटली. मग एकाएकी ते ताडकन उठले.

"अगं, पण पंधरा दिवस? मी आठ गिऱ्हाइकांना सोमवारचा वायदा दिलाय!"

"त्याची नका काळजी करू," सिस्टर सायकलवर बसत म्हणाल्या. "निघायच्या आधी मी आठही जणांना फोन केले होते. त्यातला एकही तसाही सोमवारी येणार नव्हता."