एक नंबरचा अल्बम

शिरगावला भिमाजींच्या ओसरीवर बसून गंगाधरपंतांनी आपलं खोकं उघडलं. नव्वदच्या दशकातल्या दहा सर्वांत महत्त्वाच्या अल्बमांच्या दहा डब्या आत शिस्तीत लावलेल्या होत्या. कॅसेट मात्र एकाही डबीत नव्हती. आणि संध्याकाळी तळेगावच्या वाचनालयात याच विषयावर पंतांचं व्याख्यान होतं.

"भिमाजीभाऊ, माझ्या कॅसेटी?"

घराचं रंगकाम काढलं तेव्हा पंतांनी हे खोकं भिमाजींकडे ठेवलं होतं. पंत जन्मभर शाळामास्तर. ज्या घरून दर वर्षी इंद्रायणी तांदूळ येतो, त्या घरावर त्यांचा आंधळा विश्वास.

"त्या व्हय? शेतात हायेत की. या, दावतो."

भाताला लोंब्या आल्या होत्या. या बांधापासून त्या बांधापर्यंत, काठ्यांना ताणून बांधलेलं पंतांचं अख्खं दशक उन्हात चमकत होतं. वारा सुटला की कॅसेटींतून उपसलेल्या फिती घूंऽऽ करत.

"पाखरं लय झाल्यात, सर. तुमी दोन वर्सं खोकं न्हेलं न्हाई, मला वाटलं टाकून दिलंय. डब्या तेवढ्या ठेवल्या. बियाण्याला बऱ्या."

पहिला नंबर कोणाचा, यावरून वाचनालयाच्या अध्यक्ष अरुंधतीबाईंशी पंतांचं महिनाभर वाजत होतं. बाईंचा कौल कव्हरवरच्या छत्रीवाल्या गायिकेला, पंतांचा पेटीवाल्या बुवांना. "दोन्ही कॅसेटी वाजवतो, लोकच ठरवतील. मोबाइलवरचं ते संगीतच नव्हे!" असं पंत चारचौघांत सांगून बसले होते. आता कुठल्या तोंडानं मोबाइल काढणार?

संध्याकाळी अपराधी भिमाजींनीच त्यांना मोटरसायकलवरून आणलं आणि स्वतः पहिल्या रांगेत बसले. पंतांनी रिकाम्या डब्या दाखवत कसंबसं तासभर निभावलं. शेवटी बाई उठल्या.

"डब्या पुष्कळ पाहिल्या! वाजवा ना आता. कोण पहिला ते कळू दे."

पंत उगाच एक डबी उघडू-मिटू लागले. तेवढ्यात भिमाजी उभे राहिले.

"म्या सांगतो. सरांच्या कॅसेटी आमच्या भातात बांधल्यात, पाखरांसाटी. कुठली फीत कुठल्या डबीतली, समदं ध्यानात हाय माज्या. छत्रीवाली एक नंबर!"

घरच्यासारख्या माणसानंच घात केलेला पाहून पंतांना अगदी रडू यायचं बाकी राहिलं. बाई मात्र फुलून आल्या.

"ऐकलंत पंत? भिमाजी, अहो, नीट सविस्तर सांगा सगळ्यांना."

"सांगतो की. वारा सुटून तिची फीत वाजाया लागली, की पाखरू शिवारात थांबत न्हाई. पार बेगडेवाडीकडं पळतंय. सरांचं ते पेटीवालं बुवा मातूर फुकट गेलं. त्यांच्या फितीखाली पाखरं निवांत येऊन बसत्यात, उठवली तरी उठंनात."

आधी मागच्या रांगेत कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळं सभागृह. बाई हळूच खाली बसल्या. पंतांनी माइक जवळ ओढला.

"भिमाजीभाऊ, फिती असू द्या तिथंच. कापणीपर्यंत."