रफीक पंपवाले म्हणतात

रफीकभाईंच्या लेखातून त्यांचं नाव कोणाच्या बापाला काढता येत नाही. "कपाशीवरचे तुडतुडे, रफीक पंपवाले म्हणतात, पानाखालून रस पितात, म्हणून अकोटचे रफीक पंपवाले पान उलटून पाहायला सांगतात." वाक्य कुठूनही तोडा, भाई आत शिल्लक राहतातच.

आमची दुकानं शेजारी-शेजारी. मी वह्या-पुस्तकं विकतो, ते फवारणीचे पंप दुरुस्त करतात. मधल्या काही वर्षांत कपाशीचं काही खरं नव्हतं. गिऱ्हाईक कमी, फुरसत जास्त. त्या फुरसतीत हा माणूस मोबाइलवर लेख लिहून लोकांना पाठवायला लागला. आधी नाव बिचारं एकदाच, खाली असायचं. मग एक लेख गावोगाव फिरून त्यांच्याच मोबाइलवर परत आला, तर खाली धारणीच्या कोण्या कृषिमित्राचं नाव! त्या दिवशी भाईंचा डबा तसाच घरी गेला.

"भाऊ, लिवाचं मी अन् नाव त्याचं? काहून?"

"अहो, ज्ञान तर पसरलं ना?"

"ग्यान पसरलं, मी नाई पसरलो!"

तेव्हापासून वाक्यावाक्यात नाव आणि वर गॉगल लावून, पाठीवर पंप घेऊन काढलेला फोटो. लोक वैतागले. "भाई, तुमच्या नावातून माहिती निवडा लागते," म्हणायचे आणि लेख पुढे पाठवायचेच नाहीत. भाईंना त्याचं काही नाही. "नाव झालं पाहिजे!"

मग ऐन फवारणीत शेषराव नावाचा मजूर वावरातच कोसळला. पंपाचं फवारा उडवणारं नोझल तुंबलं म्हणून त्यानं ते तोंडानं फुंकलं होतं. इकडे सगळेच फुंकतात. औषध पोटात गेलं. भाई अकोल्याच्या दवाखान्यात त्याला पाहून तडक माझ्या दुकानात आले.

"जीव वाचते त्याचा, म्हणतात डॉक्टर. पन भाऊ, पंप देतानी मीच त्याले नोझल तोंडानं फुकून दाखोलं होतं."

मी चहा मागवला, तो निवून गेला.

संध्याकाळी त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. नवा लेख. नोझल तोंडाला लावू नका, नाका-तोंडावर फडकं बांधा, वाऱ्याकडे पाठ करा. फोटो नाही, नाव नाही.

"भाई, नाव राहिलं."

"काढलं. माह्यं नाव पाह्यलं का लोकं पुढं धाडत नाईत. हे धाडलं पायजे."

काही दिवसांनी हिवरखेडच्या माझ्या साळ्यानं तोच लेख मला पाठवला. खाली भलत्याच माणसाचं नाव, फेटा बांधलेल्या फोटोसकट. आता दुकान डोक्यावर घेतात, असं धरून मी भीत भीतच दाखवला. भाईंनी उभ्या-उभ्या शेवटपर्यंत वाचला.

"हिवरखेडले पोचला?"

"हो."

"नोझलचं त कापलं नाई ना यानं?"

"नाही, आहे की."

"राहू द्या मंग त्याचं नाव," म्हणाले, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.