तटस्थ यांचे आक्षेप

शब्दकोश कार्यालयातला ‘ट’चा खंड एका शब्दापाशी अडला होता. टोक, टोचणी आणि टोणगा मंजूर होऊन छपाईला गेले होते. टोपली, टोमणा आणि टोळधाड मागे रांगेत ताटकळत उभे होते. मध्ये आडवा पडला होता तो ‘टोपणनाव’.

हा शब्द एका हंगामी उपसंपादकाकडे होता. ‘कायम’ या शब्दावरचा लेख त्यानेच ‘क’च्या खंडात लिहिला होता आणि तो अभ्यासपूर्ण असल्याचे सर्वांचे मत होते, अनुभव मात्र त्याला नव्हता. टोपणनाव मंजूर झाले की त्याला कायम करण्यात येणार होते. कायम माणसाला कार्यालयाच्या वसाहतीत खोल्या मिळत आणि तिथल्या स्वयंपाकघराला खिडकी असे. सध्याच्या घरात स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. काही तळायला घेतले की सगळे कुटुंब जिन्यात जाऊन खोकत बसे. “मला दागिना नको, हवापालट नको,” बायको म्हणे, “मला भिंतीला एक भोक हवंय.”

उपसंपादकाने लेख मन लावून लिहिला होता. टोपण म्हणजे झाकण. दौतीला, पेनाला, बाटलीला असते ते. खऱ्या नावावर जे झाकणासारखे बसवतात आणि आतला माणूस लपवतात, ते टोपणनाव. टोप, टोपी, टोपण ही सगळी एकाच घरातली, कशाच्या तरी डोक्यावर बसणारी मंडळी असावीत, असेही त्याने नमूद केले होते. यातला ‘असावीत’ हा शब्द त्याने फार विचाराने घातला होता. पुरावा अपुरा होता आणि उपसंपादक प्रामाणिक होता. दोन्ही गोष्टी पुढे त्याच्या अंगाशी आल्या.

लेख छापण्यापूर्वी तज्ज्ञाकडून तपासून घ्यावा लागे. ही तपासणी गुप्त असे. लेखक कोण हे परीक्षकाला कळू नये आणि परीक्षक कोण हे लेखकाला कळू नये, असा सक्त नियम होता. ‘ज’च्या खंडाच्या वेळी ‘जावई’ या शब्दावरून लेखक आणि परीक्षक एकमेकांच्या अंगावर धावून गेले होते. ते नात्याने सासरे-जावई निघाले. तेव्हापासून प्रत्येक परीक्षकाला कार्यालयातर्फे एक टोपणनाव देण्यात येई.

एके दिवशी साहेबांनी उपसंपादकाला बोलावले.

“‘टोपणनाव’ तपासायला पाठवायचंय. पहिले तज्ज्ञ वारले. दुसऱ्यांना ऐकू येत नाही.”

“पण साहेब, लेख वाचायचा असतो.”

“वाचतील हो. पण आपण विनंती केलेली त्यांना ऐकू येत नाही. तेव्हा परीक्षक तुम्ही. या शब्दावर तुमच्याइतकं डोकं कुणी आपटलंय?”

“साहेब, तो लेख मुळात...”

साहेबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. “लेख कुणाचा ते बोलू नका! मला माहीत नाही. माहीत असता कामा नये, म्हणून मी माहीत करून घेतलेलं नाही. तुमचं टोपणनाव ‘तटस्थ’. या आता.”

उपसंपादक थेट आवक-जावक बाईंकडे गेला. कार्यालयातला प्रत्येक लखोटा त्यांच्या हातून जाई.

“बाई, तुम्हाला तरी ठाऊक आहे ना लेख कुणाचा आहे ते?”

“मला सगळंच ठाऊक असतं,” बाई शिक्का मारत म्हणाल्या. “पण मला ठाऊक आहे हे कुणाला ठाऊक नाही, म्हणून तर नोकरी टिकली. हे बघा, लेखक मी आहे असं तुम्ही सांगितलंत, तर परीक्षकाला लेखक कळला, लेख रद्द. परीक्षक मी आहे असं सांगितलंत, तर लेखकाला परीक्षक कळला, परीक्षण रद्द. दोन्ही सांगितलंत तर खंडच रद्द. आणि खंड रद्द म्हणजे तुम्ही रद्द. घ्या लखोटा.”

उपसंपादकाने स्वतःचा लेख नव्याने वाचला, त्यावर ‘निर्दोष’ असा शेरा मारला आणि तो सुटकेचा निःश्वास टाकणार इतक्यात लखोटा परत आला.

“आक्षेप कुठायत?” बाईंनी विचारले.

“लेख चांगला आहे, बाई.”

“लेख चांगला आहे म्हणणारा परीक्षक लेखकाचा नातेवाईक धरला जातो. आहात का नातेवाईक?”

उपसंपादकाने विचार केला. “नात्यात नाही,” तो म्हणाला. हे खोटे नव्हते.

“मग आक्षेप काढा. चार तरी हवेत. नाहीतर लेख परत फिरतो.”

रविवारी सकाळी तो आक्षेप काढायला बसला. गोपनीयतेचा नियम घरालाही लागू असल्यामुळे लेख कुणाचा हे त्याने बायकोला सांगितले नव्हते. पहिला आक्षेप एका स्वल्पविरामावर होता आणि तो त्याने पेन्सिलीने लिहिला. दुसरा शाईने लिहिला. खाली ‘तटस्थ’ अशी सही करायची आहे हे आठवल्यावर तिसरा आपोआप आला. टोपण असले की आत काहीतरी आहे हे लगेच कळते. ज्याला खरेच लपायचे तो झाकण कशाला लावील? एवढा साधा विचार लेखकाला सुचू नये? उपसंपादक स्वतःवरच खूश झाला. मग स्वतःवरच चिडला.

“कुणावर एवढे दात-ओठ खाताय?” बायकोने विचारले.

“आहे एक लेखक. ‘असावीत’ म्हणतो! एक तर आहेत म्हण, नाहीतर नाहीत म्हण.”

“असली माणसं घरीपण तशीच असतात हो. भाजी आणाल का विचारलं की ‘बघू’. ओला टॉवेल पलंगावर. लिहा, वस्तू जागच्या जागी ठेवायची अक्कल नाही.”

त्याने लिहिले : मांडणी विस्कळीत.

“आणि एक काम धड वेळेवर करत नसणार.”

त्याने लिहिले : अक्षम्य दिरंगाई.

“त्याच्या बायकोनं कसे दिवस काढले असतील, देव जाणे!”

“काढतेय,” उपसंपादक म्हणाला.

आक्षेप रीतसर नोंदले जाऊन लेखकाकडे, म्हणजे त्याच टेबलावर, आले. काय लिहिले आहे हे त्याला तोंडपाठ होते. तरीही ते शिक्का मारून समोर आल्यावर त्याला मनापासून वाईट वाटले. आपली इतकी वर्षांची सेवा, आणि कोण कुठला हा तटस्थ! त्याने उत्तर लिहिले. त्यात परीक्षकाच्या व्यासंगाविषयी शंका आणि त्याच्या हेतूंविषयी खात्री व्यक्त केली.

“कोण मेला तो?” उत्तर ऐकून बायको या खेपेला लेखकाच्या बाजूने उभी राहिली. “समोर ये म्हणावं नाव घेऊन! असे लपून दगड मारणारे फार बघितलेत.”

उत्तर तटस्थ यांच्याकडे गेले. तटस्थ चवताळले. तिथून पुढे लखोटे वाढत गेले. लेखकाला नम्रपणाची सवय होती, त्यामुळे तो मुद्द्याला धरून राही. तटस्थ यांना कसलीच सवय नव्हती, त्यामुळे त्यांची भाषा बहरत गेली. ती हळूहळू कार्यालयात पसरली. माणसे जेवणाच्या सुट्टीत आक्षेप मोठ्याने वाचू लागली. “शेवटी एक तरी कणा असलेला माणूस भेटला,” असे सगळे म्हणत. उपसंपादक शेजारीच डबा खात असे. त्याला कुणी लोणचेही विचारत नसे.

प्रकरण चिघळल्यावर साहेबांनी सुनावणी ठेवली. सकाळी लेखकाचे म्हणणे ऐकायचे, दुपारी तटस्थ यांचे. लेखकाची ओळख साहेबांपासूनही गुप्त असल्याने त्याने चेहरा झाकून यावे, असे कळवण्यात आले. उपसंपादक दप्तर बांधायचे लाल फडके डोक्यावरून घेऊन गेला. साहेब उठून उभे राहिले. त्यांनी स्वतः खुर्ची पुढे केली, चहा मागवला. उघड्या चेहऱ्याने तो याच खोलीत आजवर कधी बसलेला नव्हता.

“तुमचा आवाज ओळखीचा वाटतो,” साहेब म्हणाले. “पण वाटणं नियमात बसत नाही. बोला.”

“तटस्थ फार खालच्या पातळीला जातात, साहेब,” फडके म्हणाले. “माझं कायम व्हायचं त्यांच्यामुळे अडलंय.”

“अहो, तटस्थ म्हणजे आमचा हिरा आहे. आमच्याकडे एक हंगामी उपसंपादक आहे, तुमच्याच बांध्याचा. त्याला सांगणार आहे मी, जरा शीक म्हणून.”

“तो माणूस कसा आहे?”

“चांगला आहे. म्हणून तर तसाच राहिलाय.”

दुपारी उपसंपादक फडक्याशिवाय, तटस्थ म्हणून हजर झाला. त्याने जिन्यातच ठरवले होते. अधिकार हातात होता आणि तो एकदा तरी चांगल्या कामाला वापरायचा होता.

“तर तटस्थ, लेखकाबाबत तुमची शिफारस?”

“त्याला कायम करावं, साहेब.”

साहेबांनी चष्मा काढला. “कुणी दबाव आणला?”

“छे!”

“लेखकाला भेटलात?”

या प्रश्नाला नाही म्हणणे उपसंपादकाला जमले नाही.

“संगनमत,” साहेब दुःखाने म्हणाले. “तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती. तुमच्यासाठी मी वर भांडून पद आणलं होतं. कायम परीक्षक. एक कठोर शिफारस जोडली की हुकूम निघतो. वसाहतीत खोल्यासुद्धा ठेवल्यात.”

“खिडकीच्या?”

“दोन खिडक्या आहेत.”

खिडकी एक असती तर उपसंपादक कदाचित लढला असता. त्याने कागद पुढे ओढला आणि ‘लेखकास सेवेतून कमी करावे’ असे वळणदार अक्षरात लिहून दिले. खाली ‘तटस्थ’ अशी सही केली.

दुसऱ्या दिवशी बाई दोन लखोटे घेऊन त्याच्या टेबलाशी आल्या. “एकात ‘जा’ म्हटलंय, एकात ‘या’ म्हटलंय. आधी कुठला उघडता?”

लेखक अज्ञात असल्यामुळे त्याला कमी केल्याचा हुकूम ‘जो कोणी असेल त्यास’ असा निघाला होता. तो ‘जो कोणी’ निघून गेला. त्याला निरोप देण्यात आला. सहकारी भरल्या गळ्याने बोलले, त्याच्या साधेपणाचे सर्वांनी कौतुक केले. मग तटस्थ मागच्या दाराने रुजू झाले.

टोपणनावाचा लेख जसाच्या तसा छापला गेला. दुरुस्त करायला लेखक उरला नव्हता. फक्त ‘असावीत’च्या जागी ‘आहेत’ आले. पुरावा तेवढाच होता.

वसाहतीतल्या स्वयंपाकघराला खरोखरच दोन खिडक्या होत्या. दोन्ही बाहेरून फळ्या ठोकून बंद केलेल्या. परीक्षकाचे पद गुप्त असल्याने आत कोण राहते हे रस्त्यावरून दिसणे धोक्याचे होते.

“हा नियम कुठल्या शहाण्यानं काढला?” बायकोने फळीवर उलथने आपटत विचारले.

गोपनीयतेत ढिलाई असल्याचा आक्षेप तटस्थ यांनीच पहिल्या आठवड्यात घेतला होता. तो एकमताने मान्य झाला होता.

“आहे एक माणूस,” तो म्हणाला.

“मग लिहा की त्याच्याविरुद्ध!”

“लिहिलं असतं. पण आता ते माझ्याचकडे तपासायला येतं.” आणि तो जिन्यात जाऊन खोकू लागला. बायको त्याच्या पाठोपाठ आली.

पुढे काम एवढे वाढले, की एका तटस्थाला ते झेपेना. कार्यालयाने जाहिरात दिली. तटस्थ पाहिजेत. शिक्षणाची अट नाही. अर्जासोबत नमुना म्हणून ओळखीच्या एका माणसाविषयी एक आक्षेप जोडावा. अर्जदाराने स्वतःचे नाव लिहू नये. त्या माणसाचे मात्र स्पष्ट, पूर्ण व पत्त्यासह लिहावे.

अर्ज पोत्यांनी आले. निरोपाच्या दिवशी ज्यांचा गळा भरून आला होता, त्या सर्वांचे आले. साहेबांचा आला, बाईंचा आला. एका अर्जातला नमुना एका हंगामी उपसंपादकाविषयी होता. त्यात ओल्या टॉवेलचा उल्लेख होता.

तुमचाही अर्ज मिळाला. नमुना छान आहे, भाषा तर तटस्थ यांनाही मागे टाकील अशी. घाबरू नका, नाव कुठेही फुटणार नाही. जाता जाता एवढेच कळवायचे, की तुम्ही ज्यांच्याविषयी लिहिलेत त्यांचाही अर्ज आला आहे. त्यांनी कुणाविषयी लिहिले ते सांगता येत नाही, नियम आहे. आज ते फाटकापाशी भेटतील. नेहमीसारखे हसा. तेही हसणार आहेत.