टॉवेलाखालचे पाय

आमच्या शेजारचे हणमंत मेजर टीव्हीवर बॉक्सिंग बघतात, तेव्हा पडद्याच्या वरच्या अर्ध्या भागावर टॉवेल टाकतात.

पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, वाळत घातलाय. वर कपड्यांचे दोन चिमटेसुद्धा लावलेले होते. मी आपली चांगुलपणानं तो काढायला गेले, तर मेजर खुर्चीतून ओरडले, "बाई, हात लावू नका! मॅच चालू हाय!" वाकून बघितलं तर टॉवेलाखाली चार पाय नाचत होते. कुणाचे, कशासाठी, काही कळायला मार्ग नव्हता.

"हात फसवत्यात बाई," मेजर म्हणाले. "तोंड तर फसवतंयच. पाय बघा, पाय! कोण कवा दमणार ते पाय सांगत्यात."

"आवं, पण त्या माणसांना तोंडं हायेत का न्हाईत ते तरी एकदा बघू द्या," वत्सलावहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. टॉवेल त्यांचा होता आणि नवा होता.

मेजर हे खरं तर हवालदार म्हणून निवृत्त झाले. पण साताऱ्यात फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, त्याला इलाज नाही. मी भूगोलाची शिक्षिका, आता निवृत्त. गोडोलीत आमच्या दोन घरांच्या मध्ये एकच भिंत आहे आणि तीही फारशी जाड नाही. बॉक्सिंगबद्दल मला शून्य प्रेम आहे. तरीही कोण कितव्या राऊंडला ढेपाळणार हे मला माहीत असतं, कारण मॅच माझ्या इंटरनेटवर चालते आणि मेजरांचं भाकीत त्या भिंतीतून आरपार येतं.

भाकीत कधी चुकत नाही, हा खरा वैताग आहे. बॉक्सिंगपुरतं असतं तरी मी सोडून दिलं असतं. पण मेजर सगळ्या जगाचा दम मोजतात. समोरच्या घरात सासू-सुनेचं जुंपलं की ते ओट्यावर येऊन बसतात. "सासू पॉइंटवर जिंकणार. सून पहिल्याच राऊंडला सगळा दम घालवतीय. म्हातारी बघा, भिंतीला टेकून बोलतीय." संध्याकाळी सुनेचा घसा बसलेला असतो आणि सासूबाईंचा आवाज मात्र खणखणीत. माझ्या निरोपसमारंभात प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले तेव्हा मेजर माझ्या कानाशी म्हणाले, "दोन्ही पायांवर सारखा भार देऊन हुबा हाय. च्या गार हुणार." चहा गार झाला, भजीसुद्धा झाली.

सकाळी आम्ही अजिंक्यताऱ्यावर चढायला जातो. माझ्या पायात चांगले महागातले बूट असतात, मेजरांच्या पायात रबरी चपला. बुटात पाय मुका होतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा मी धापा टाकत होते तर म्हणाले, "तुमी पहिल्या वळणालाच दमता. बोलता लय." मला इतका राग आला की दुसऱ्या दिवशी मी तोंडातून शब्द काढला नाही. त्या दिवशी मी न थांबता वर पोचले, पण ते मी त्यांच्याजवळ कबूल केलेलं नाही.

या मेजरांना आयुष्यात एकच माणूस भारी पडला, तो म्हणजे विट्याचा गुलाबराव. दोघं एकाच पलटणीत होते, दोघं बॉक्सर. पलटणीच्या फायनलला पहिल्यांदा गाठ पडली तेव्हा गुलाबराव जिंकले. पुढच्या साली परत तीच जोडी आली आणि मेजर जिंकले. आता निकाल लावायला तिसरी व्हायला हवी होती. पण मेजरांची बदली झाली, मग गुलाबरावांची झाली, मग दोघांचीही पोटं सुटली आणि तिसरी राहून गेली.

ती राहिली ती दोघांच्या डोक्यात. मोठी मॅच असली की फोन व्हायचा. एकानं एक नाव घ्यायचं, दुसऱ्यानं मुकाट उरलेलं घ्यायचं. मग दोन्ही बाजूंनी शिव्या आणि हसणं. पण फोनवरच्या हारजितीला दोघंही किंमत देत नसत. "तिसरी समोरासमोर हुणार," मेजर म्हणायचे. "गुलब्या म्होरं बसलेला पायजे."

गुलाबराव विट्यात एकटे राहायचे. बायको गेलेली, मुलाचं तिकडे कोइमतूरला गलाईचं दुकान, म्हणजे सोनं गाळून शुद्ध करायचं. विट्याची अर्धी माणसं याच धंद्यात देशभर पांगलेली आहेत. उन्हाळ्यात गुलाबराव घरात पडले आणि शेजाऱ्यांना बऱ्याच वेळानं कळलं. तेव्हा मुलानं ठरवलं की आता त्यांना कायमचं कोइमतूरला न्यायचं. नेमकं त्याच सुमाराला जगज्जेतेपदाच्या एका मॅचची परतीची लढत जाहीर झाली, आणि जायच्या आधी साताऱ्याला येऊन ती बघायचं गुलाबरावांनी कळवलं.

"ही तिसरी," मेजर फोन ठेवून म्हणाले. नंतर बराच वेळ ते नुसतेच येरझाऱ्या घालत होते.

लढणाऱ्यांची खरी नावं मेजरांना उच्चारता येत नाहीत. म्हणून एक लांब्या आणि एक बुटक्या. आधीची मॅच लांब्यानं जिंकली होती. ती मेजरांनी टॉवेल टाकून पुन्हा पुन्हा बघितली आणि रोज गड चढताना माझं डोकं खाल्लं. "लांब्याचा डावा पाय बघितला का? आदी चवड्यावर नाचायचा, आता टाच टेकतोय. त्याचा दम सरलाय बाई. बुटक्या या खेपंला तोंडाच्या मागं लागणार न्हाई. बरगडीत मारणार. बरगडी म्हंजी दमाचं कोठार. आठव्यापासनं लांब्या मिठ्या मारत सुटणार आणि धाव्याला बसणार." मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी हे घडाघडा म्हणून दाखवलं असतं.

शनिवारी मेजर एसटी स्टँडवर जाऊन गुलाबरावांना घेऊन आले. मला वाटलं होतं कुणी दांडगट गृहस्थ येईल. आले ते एक किरकोळ, हसऱ्या डोळ्यांचे म्हातारबाबा. आल्या आल्या त्यांनी मेजरांच्या पोटावर ठोसा मारला आणि म्हणाले, "हणम्या, बरगड्या कुठं ठेवल्यास रं?" मेजर हसले, पण त्या रात्री भिंतीपलीकडून मला भाकिताचा एक शब्दही ऐकू आला नाही.

परदेशात शनिवारी रात्री होणारी मॅच आपल्याकडे रविवारी सकाळी दिसते. अख्खी गल्ली मेजरांच्या घरात जमली. वहिनींनी पातेलंभर पोहे केले आणि बजावलं, "पावण्यासाठी तरी त्यो टॉवेल काढा." गुलाबराव म्हणाले, "ऱ्हाऊ द्या वहिनी. मी बी असाच बघतो. माझा पंचा असतो."

नाणं उडवायचा मान मला मिळाला, कारण मी शिक्षिका म्हणजे निःपक्षपाती. कौल मेजरांच्या बाजूनं पडला. आता पहिलं नाव त्यांनी घ्यायचं. मी मनातल्या मनात बुटक्या म्हणून मोकळीही झाले.

"लांब्या," मेजर म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. माझ्या तोंडून "अहो, पण..." एवढं निघालंसुद्धा. मेजरांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचे शब्द पोह्यांबरोबर गिळले.

"मग बुटक्या माझा!" गुलाबराव म्हणाले.

पुढे काय झालं ते मी आधीच सांगितलंय. आठव्याला लांब्या मिठ्या मारायला लागला आणि दहाव्याला खाली बसला. टॉवेलाखाली आधी त्याचे गुडघे आले आणि मग सगळा लांब्याच आला. त्याचं तोंड वहिनींना तेव्हा पहिल्यांदा दिसलं. "चांगला हाय की दिसायला," त्या हळहळल्या.

गुलाबराव खुर्चीच्या हाताला धरून उठले आणि दोन्ही मुठी वर करून ओरडले, "तिसरी मारली रं हणम्या! तिसरी मारली!" पोरांनी त्यांच्याभोवती फेर धरला. गल्लीनं मेजरांना सोडलं नाही. "मेजर, चष्म्याचा नंबर वाढला." "मेजर, टॉवेल जरा खाली सरकवा." समोरच्या घरातल्या सासूबाईसुद्धा बोलून घेत होत्या. मेजर मान खाली घालून हसत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना हरलेलं बघितलं नव्हतं, आणि हरून इतकं खूशही.

दुपारी गुलाबरावांचा मुलगा गाडी घेऊन आला. मेजर कंदी पेढे आणायला चौकात गेले होते. मी पाण्याची बाटली द्यायला गेले, तर गाडीत बसलेल्या गुलाबरावांनी मला खिडकीजवळ बोलावलं.

"बाई, एक सांगतो. त्याला बोलू नका. हणम्या मुद्दाम हरला."

मी साळसूदपणे म्हणाले, "छे हो, असं कसं?"

"लांब्याची टाच टेकती हे आमच्या स्टँडवरच्या कुत्र्याला बी दिसलं असतं. हणम्याला दिसलं न्हाई व्हय? आणि दुसरं म्हंजी, त्यो खोटं बोलाय लागला की उजव्या पायाचा आंगठा वर उचलतो. पलटणीपास्नं सवय हाय. सायबाम्होरं बूट असायचं म्हणून वाचायचा." ते हसले आणि त्यांनी डोळे पुसले. "लांब्या म्हणताना आंगठा पार आभाळाला. मग मी बी म्हटलं, एवढं मनापासनं देतोय, तर जोरात नाचून घ्यावं. गडी खूश झाला का न्हाई?"

मी हो म्हणाले.

माझ्या पोटात काही राहत नाही अशी गल्लीत माझी ख्याती आहे. हे मात्र मी राखलंय. तुम्हाला सांगतेय, पण तुम्ही काही गोडोलीत राहत नाही. राहत असाल तर कृपा करून मेजरांना बोलू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गड चढायला लागलो. पहिल्या वळणावर मेजर आपणहून थांबले. हे आजवर कधी झालं नव्हतं.

"मुद्दाम हरलात ना?" मी विचारलं.

"एसटीतनं उतरताना त्याचं पाय बघितलं, बाई," ते म्हणाले. "पायरी चाचपत हुता. रिंगणात असा नाचायचा, की खाली पीठ पसरलं असतं तरी पाय उमटला नसता. आता परत कवा गाठ पडायची? म्हटलं, जिंकून जाऊ दे."

"त्यांना कळलं असेल?"

"गुलब्याला? छ्या! लय भोळा हाय."

मी घाईनं तोंड फिरवलं. खाली सातारा उन्हात उजळत होता. मी म्हणाले, "आता तुम्हाला करमायचं नाही."

"मला काय हुतंय?" मेजर शहराकडे बघत म्हणाले. "मोबाईल हाय की. तिकडनं बोलंल. त्यो गेला म्हणून मला काय बी वाटत न्हाई."

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणी न सांगता पायांकडे बघितलं. रबरी चपलेतला उजव्या पायाचा अंगठा ताठ वर झाला होता.

मी अजिबात दमले नव्हते. तरी म्हणाले, "मेजर, आज फार दमले बाई मी. जरा बसू या." ते लगेच कठड्यावर बसले आणि मीही त्यांच्या शेजारी बसले. माझ्या पायात बूट होते, ते एक बरं झालं.