चंद्रावरचा संकल्प

ढुंढिराजशास्त्र्यांनी आपल्या पहिल्यावहिल्या कथेत नायकाला विमानातून चंद्रावर उतरवलं आणि तिथेच त्यांची लेखणी अडली. नायक ब्राह्मण, संध्याकाळी संध्या करणारच. पण संकल्पात आपण कुठे बसलो आहोत ते सांगावं लागतं. चंद्रावर बसून ‘भरतखंडे’ कसं म्हणायचं?

“एक दिवस नाही केली संध्या तर?” त्यांच्या बायकोनं, आनंदीनं विचारलं.

“माझा नायक आहे तो!”

“मग बाबांनाच विचारा. मला काय हे झंझट?”

बाबा म्हणजे काशीनाथशास्त्री. आनंदीचे वडील, ढुंढिराजांचे लहानपणापासूनचे गुरू आणि ढुंढिराज शिकवत त्या गंगेकाठच्या दुर्गाघाटावरच्या पाठशाळेचे मुख्य. कल्पित गोष्टी लिहिणं त्यांच्या लेखी खोटं बोलणंच होतं, आणि खोटं बोलणाऱ्याला त्या पाठशाळेत शिकवता येत नसे. म्हणून ढुंढिराज त्यांना म्हणाले, “एका यजमानाची शंका आहे.”

“चंद्रावर जाणार?”

“तसं म्हणतोय खरा.”

“साहेब लोकांनी काढलं असेल काहीतरी,” म्हणत काशीनाथशास्त्री ब्रह्माघाटावर वेणीमाधवशास्त्र्यांकडे गेले.

“स्थळाचं सोडा,” वेणीमाधव म्हणाले, “तिथी कुठली सांगणार? तिथी चंद्रावरून मोजायची, आणि हा पठ्ठ्या त्याच्यावरच बसलेला!”

झालं, पाठशाळेत सभा भरली.

“गजब करता! चंद्र देवता आहे. तिच्यावर पाय ठेवायचा?”

“मग अनवाणी जाऊ दे!”

“त्यापेक्षा यजमानालाच बोलवा ना!”

सगळे ढुंढिराजांकडे वळले. मागे त्यांचे विद्यार्थी बसले होते. कालच त्यांना सत्यावर पाठ दिला होता.

“यजमान नाही,” ढुंढिराज खाली मान घालून म्हणाले. “मी... गोष्ट लिहितोय.”

मागचे विद्यार्थी माना उंचावून पाहू लागले.

“म्हणजे खोटं बोललास,” काशीनाथशास्त्री म्हणाले. “गोष्टीत नव्हे. माझ्याशी.”

ढुंढिराजांना त्या क्षणी खरंच चंद्रावर जावंसं वाटलं.

“पण सभा वाया कशाला घालवायची?” वेणीमाधव म्हणाले. “समुद्र ओलांडला तरी प्रायश्चित्त आहे, यानं तर आकाश ओलांडलं. जाणारा सापडत नसेल, तर पाठवणाऱ्यानं घ्यावं!”

यावर मात्र सभेचं तात्काळ एकमत झालं.

माघातल्या पहाटे ढुंढिराज गंगेत बुड्या मारत होते. दात वाजत होते, पायऱ्यांवर विद्यार्थी हसू दाबत होते. बाहेर आले तेव्हा काशीनाथशास्त्री कोरडा पंचा घेऊन उभे होते. त्यांनी तो जावयाच्या खांद्यावर टाकला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले,

“पुढच्या खेपेला उन्हाळ्यात पाठव त्याला.”