पाचवा पाय

सून दाराशी चप्पल घालता घालता म्हणाली, "बाबा, बाईंनी चित्रं दिलीत, पिशवीत आहेत. दुपारी मुंगीसमोर एकेक धरायचं आणि गप्प बसायचं. काही विचारायचं नाही, काही सांगायचं नाही."

इथपर्यंत आजोबांनी ऐकलं. पण 'गप्प बसायचं' हे शब्द त्यांना असे झोंबले की ते ताडकन उठून गॅलरीत गेले आणि कुंडीतल्या मातीकडे रागाने बघत उभे राहिले. त्यामुळे सून पुढे जे बोलली ते एकट्या आजीने ऐकलं, आणि दुपारी आजी निवांत झोपून गेली. पुढचं सगळं रामायण या अर्ध्या निरोपातून घडलं.

मुंगी म्हणजे नात. दिवसभर कामात आणि तोंडातून आवाज नाही, म्हणून घरात तिला मुंगी म्हणत. चौथं वर्ष लागलं होतं. कान उत्तम, समज तर दोन मोठ्या माणसांना पुरेल एवढी, पण बोलायचं नाव नाही. 'अं' या एका उद्गारावर तिचा सगळा संसार चालला होता. म्हणून दर आठवड्याला तिला स्पीच थेरपीच्या बाईंकडे नेत. आजोबा कोणाला सांगत नसत, पण त्यांच्या मनात एकच होतं: एकदा तरी पोरीने 'आजोबा' म्हणावं. आजीला हे न सांगताच ठाऊक होतं.

आजोबांची सगळी नोकरी नकाशे तपासण्यात गेली होती. ड्राफ्ट्समन मंडळींनी काढायचं आणि यांनी लाल पेन्सिल घेऊन चुका हुडकायच्या. निवृत्तीनंतर कचेरी सुटली, पेन्सिल सुटली नाही. कोणाकडे गेले तरी भिंतीवरची तिरकी फ्रेम सरळ केल्याशिवाय त्यांच्या घशाखाली चहा उतरत नसे.

असा हा माणूस पिशवीतून चित्रं काढतो, तर पहिल्याच कार्डावर घोडा. घोड्याला पाय पाच.

आजोबांनी चष्मा पुसून पुन्हा मोजले. पाचच. दुसऱ्या कार्डावर झाडाच्या घरट्यात मासा बसलेला. तिसऱ्यावर सायकल, तिची दोन्ही चाकं चौकोनी.

"अरेरे!" आजोबा कळवळले. चित्रं हाताने काढलेली, रंगही प्रेमाने भरलेले. "बाईंनी जीव ओतलाय, पण तपासून घ्यायला जवळ माणूस नाही बिचारीच्या. हे बघून पोर बोलणार तरी काय?"

माळ्यावरून त्यांची जुनी पेटी खाली आली. ब्लेड, शाई, पांढरा रंग, बारीक ब्रश. नकाशावरची शाई ब्लेडने खरवडण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. घोड्याचा पाचवा पाय अलगद निघायला लागला.

मुंगी टेबलाला टेकून बघत होती. तिने आजोबांची बाही ओढली. "अं!"

"पाणी हवं? घे." पेला हजर.

"अं! अं!"

"बरं बरं, बिस्कीट." बिस्कीट हजर. आजोबांनी माशावर पांढरा हात फिरवला आणि तिथे चोची वासलेली तीन गोजिरवाणी पिल्लं काढली.

"अंऽऽ!" मुंगीने पाय आपटले.

"दमलीस? ही घे उशी."

चाकं गोल होईपर्यंत मुंगीच्या पुढ्यात पेला, बिस्कीट, उशी, कापडी ससा आणि आजोबांची टोपी एवढा ऐवज जमला होता. त्याच्यामागे मुंगी लालबुंद तोंड करून उभी होती. आजोबा समाधानाने म्हणाले, "माझ्या पोरीला काय हवंय ते मला बरोब्बर कळतं."

एवढ्यात आजी डोळे चोळत बाहेर आली. तिने टेबलाकडे पाहिलं, पेटीकडे पाहिलं आणि खाली बसली.

"अहो, काय केलंत हे?"

"दुरुस्ती. तीन ढोबळ चुका होत्या."

"मुद्दाम होत्या त्या! चित्रात काहीतरी चुकलेलं दाखवायचं आणि गप्प राहायचं. पोरीला राहवत नाही आणि ती बोलते, अशी युक्ती आहे ती. चूक दिसली की माणूस तोंड उघडतोच. सूनबाईने तर तुमचंच उदाहरण दिलं बाईंना!"

आजोबांच्या हातातला ब्रश खाली आला. "मग मला सांगायचं नाही?"

"सांगत होती ती. तुम्ही मातीवर रुसला होतात."

"आता?"

"आता काय! उद्या परत न्यायचीत. सूनबाई घरी यायच्या आत चुका होत्या तशा करा."

आणि इथे आजोबांची खरी परीक्षा लागली. आयुष्यभर चुका काढल्या होत्या, पण 'काढल्या' म्हणजे पुसल्या. घातली एकही नव्हती. त्यांनी पाचवा पाय पुन्हा रेखाटला, पण हात सवयीने चालला. सांधा, स्नायू, खूर सगळं चोख. तो पाय इतका बेमालूम बसला की बाकीच्या घोड्यांनाच एक कमी आहे असं वाटावं. आधीचा पाय खरवडला होता तिथे मात्र कागदावर खरखरीत वण राहिलाच.

मग सायकल. चाकं चौकोनी झाली, पण आजोबांना चैन पडेना. चौकोनी चाक फिरायचं तर रस्ता कसा हवा, याचा हिशेब ते करत बसले आणि शेवटी रस्त्याला ओळीने छोट्या कमानी काढून मोकळे झाले.

आजी वाकून बघत म्हणाली, "अहो, आता ही चालेल की!"

"चालेल म्हणजे? पळेल!" आजोबांच्या आवाजात अभिमान होता.

"द्या तो ब्रश इकडे. तुमच्याच्याने साधी चूक होणार नाही." आजीने ब्रश घेतला आणि पिल्लांवर मासा चढवला. मासा सुकला तेव्हा हुबेहूब चपलेसारखा दिसायला लागला.

"अगं, घरट्यात चप्पल कशी?"

"चूकच हवी होती ना? मग ही मोठी आहे."

दारात किल्ली वाजली. पेटी पलंगाखाली गेली, चित्रं पिशवीत गेली, आणि दोघं सोफ्यावर इतकी शहाण्यासारखी बसली की सुनेने आल्या आल्या विचारलं, "काय झालं?"

"कुठे काय?" दोघं एका सुरात म्हणाली. मुंगी म्हणाली, "अं!" पण तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुनेला कामावरून सुटता येईना, म्हणून मुंगीला घेऊन ही दोघं गेली. गालिचा होता म्हणून चपला बाहेर. आत भिंतभर आरसा, बुटकं टेबल आणि मुलांच्या खुर्च्या. आजोबा त्यातल्या एकीवर बसले तेव्हा त्यांचे गुडघे कानांना भेटायला आले.

बाईंनी घोडा पुढे धरला आणि गप्प राहिल्या. मुंगीही गप्प. आजोबांच्या जिभेला मुंग्या आल्या. आजीने त्यांचा पाय दाबून धरला.

सायकल आली. मुंगीच्या आधी बाईच त्या रस्त्याकडे टक लावून बघत राहिल्या. कपाळावर आठी पडली, पण बोलल्या नाहीत. मग घरटं. चप्पल बघून बाईंच्या भुवया वर गेल्या. तरीही त्या थांबून राहिल्या. थांबणं हेच त्यांचं काम होतं, आणि ते किती अवघड आहे हे आजोबांना त्या बुटक्या खुर्चीत कळत होतं. पोरीची चालून आलेली संधी आपण ब्लेडने खरवडून टाकली, असं त्यांच्या मनात आलं. आता उठावं, सगळं कबूल करावं... आजीने पाय आणखी दाबला.

मुंगी उठली. तिने घोड्याचं कार्ड ओढून घेतलं, त्या खरखरीत वणावर बोट ठेवलं, मग तेच बोट आजोबांवर रोखलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"आजोबा चुकले."

आजीने दाबून धरलेला पाय सोडून दिला.

"काय चुकले?" बाईंनी हळूच विचारलं.

मग काय, धरण फुटलं. "पाय खलवलला! मासा होता! आजी चप्पल केली!" तक्रार कालपासून साठलेली होती, ती अशी बाहेर पडली की मध्ये कोणी बोट घालू नये. शेवटी ती आजोबांसमोर येऊन उभी राहिली आणि त्यांच्या गुडघ्यावर एकेक चापट मारत तिने हिशेब पुरा केला. "पाणी नको! बिक्कीत नको! उशी नको! ससा नको! तोपी नको!"

"बरोबर आहे तुझं," आजोबा म्हणाले. त्यांच्या कामात आजवर कोणी चूक दाखवली नव्हती. पहिल्यांदा दाखवली गेली, आणि डोळे पुसायला रुमाल सापडेना.

आजीने सगळं कबूल केलं. बाई आधी हसल्या आणि मग म्हणाल्या, "आजोबा, चित्रांचं जाऊ द्या. ती 'अं' म्हणताच तुम्ही पाणी देता, मग ती बोलेल कशाला? घरी जरा चुकत जा. मुद्दाम. आणि वाट बघा."

"मला नाही जमत हो चुकायला," आजोबा काकुळतीने म्हणाले.

"जमेल."

आजोबा बाहेर आले ते हवेतच. चपला घातल्या, मुंगीचं बोट धरलं आणि निघाले. चार पावलं गेले असतील नसतील, बोट ओढलं गेलं.

"आजोबा, चप्पल चुकली!"

दारातून बाईंनी टाळ्या वाजवल्या. "वा आजोबा! लगेच सुरुवात केलीत की!"

आजीनेही कौतुकाने पाहिलं. "मी तर म्हणत होते, यांना जन्मात जमायचं नाही."

आजोबांनी खाली पाहिलं. डावी उजव्या पायात होती, उजवी डाव्यात. घातली तेव्हा त्यांचं लक्षच नव्हतं.

दुरुस्त करायला ते वाकलेही. मग तसेच सरळ झाले.

"हो," ते म्हणाले, "मुद्दामच." आणि समोर दिसलेली चूक आयुष्यात पहिल्यांदा पास करून, उलट्या चपला फटफटवत, ते घरापर्यंत तसेच चालत गेले. मुंगी वाटभर त्यांना बोलत होती.